शीटवर बंगळूर, तोंडी नाशिक

"समुद्र नको, जंगल नको, डीजे तर अजिबात नको," पारोमिता एकेक बोट दुमडत म्हणाली. "साहेबांना वाईन रीजन हवाय, नीलिमादि. शुक्रवारी जायचं, रविवारी परत. चौतीस माणसं."

मी वहीत 'वाईन' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. न्यू टाउनमधल्या एका काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर आम्ही बसलो होतो. एसी असा की चहा तोंडाला लावेपर्यंत गार. हातात सहा आठवडे होते. तारीख वरूनच ठरून आली होती: एक मे. त्या वर्षी तो शुक्रवारी होता. बंगालमध्ये मे दिनाची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार.

मी ट्रॅव्हलच्या धंद्यात सत्तावीस वर्षं काढली, सगळी कलकत्त्यात, सगळी भवानीपूरच्या एकाच ऑफिसात. आमचे मालक देबाशिषदा. सुरुवातीला आम्ही लोकांना पुरीला आणि दार्जिलिंगला पाठवायचो. मग न्यू टाउन उभं राहिलं, आयटी कंपन्या आल्या आणि आम्हाला 'ऑफसाइट' नावाचं काम मिळायला लागलं. ऑफसाइट म्हणजे कंपनीच्या माणसांनी कंपनीच्या खर्चाने कंपनीबाहेर जायचं आणि तिथे बसून कंपनीबद्दलच बोलायचं. यात कोणाला काय मिळतं ते मला कधी कळलं नाही, पण आमचं ऑफिस त्यावर चाललं.

या ऑफसाइटमध्ये एक मेख होती. सिंगापूरहून त्यांचे मोठे साहेब येणार होते, तेही फक्त शुक्रवारच्या संध्याकाळपुरते. त्यांना वाईनचा शौक. सूर्य मावळताना द्राक्षबागेत टेस्टिंग, मग जेवण, मग साहेब विमानतळावर. टेस्टिंग म्हणजे एका ओळीत पाच-सहा ग्लास मांडतात, प्रत्येकात दोन घोट वाईन ओततात आणि प्रत्येक घोटाआधी एक माणूस भाषण करतो. मला स्वतःला वाईन आंबट लागते. पण माझ्या आवडीचा इथे प्रश्नच नव्हता. बाकी दोन दिवस चौतीस माणसं काय करणार याची कोणाला फारशी पर्वा नव्हती. सगळा खटाटोप त्या संध्याकाळच्या तीन तासांसाठी होता.

"हे नीट झालं तर मी पर्मनंट," पारोमिता हळूच म्हणाली. "नाही झालं तर माहीत नाही."

ती अॅडमिनमध्ये होती, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, आणि चौथा महिना चालू होता. वय असेल सव्वीस. बजबजहून रोज लोकल पकडून, पुढे दोन बस बदलून न्यू टाउनला यायची. वडील तिथल्या जूटमिलमध्ये होते, मिल बंद पडल्यापासून घरी. पगार आणणारी ती एकटी. हे सगळं तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, रडगाणं म्हणून नाही, तर मी विचारलं म्हणून. गिऱ्हाइकाच्या घरचं विचारायची मला सवय होती. त्यातून माणूस कळतो आणि माणूस कळला की ट्रिप नीट बसते, असं मी नव्या मुलांना शिकवत असे.

ऑफिसात येऊन मी शीट करायला घेतलं. माझी कामाची पद्धत ठरलेली होती. आडव्या ओळीत ठिकाणं, उभ्या रकान्यात प्रवास, हवामान, खोल्या, जेवण, बघण्यासारखं काय, आणि शेवटी दहापैकी मार्क. गिऱ्हाईक काहीही म्हणो, आधी शीट. आपल्या देशात वाईन बघायला जावं अशी ठिकाणं मोजकीच. नाशिक, बंगळूरजवळच्या नंदी हिल्सचा भाग, आणि तिकडे हंपीच्या बाजूला एक-दोन. हंपी प्रवासामुळे पहिल्या फेरीतच बाद झालं. राहिली दोन.

हिशेब सरळ होता. कलकत्त्याहून बंगळूरला थेट विमान, आणि विमानतळापासून द्राक्षबागा तासाभरावर. नाशिकला जायचं तर आधी मुंबई, मग बसने चार-पाच तास, मुंबईच्या बाहेर पडायला लागेल तो वेळ वेगळा. हवा बंगळूरची बरी, नाशिकला मेमध्ये ऊन मी म्हणतं. शिवाय नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. एप्रिलमध्ये बागांची छाटणी होते आणि मग मांडवाखाली नुसती खोडं उभी. बंगळूरकडे काही बागांत घड उशिरापर्यंत असतात. त्या भागात मी स्वतः रेकी करून आले होते. रेकी म्हणजे गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी आपण जाऊन बघून येणं, खोलीतला नळ सोडून बघण्यापर्यंत सगळं. नाशिकची रेकी मी केली नव्हती. माझा एक नियम होता, की जे आपण पाहिलं नाही ते विकायचं नाही.

बंगळूरला मी साडेआठ मार्क दिले, नाशिकला सहा. शीट मेल केलं.

दोन दिवसांनी पारोमिता स्वतः भवानीपूरला आली. खरं तर यायची गरज नव्हती. समोरच्या दुकानातून मातीच्या भांड्यात चहा आला, तिने शीट माझ्यासमोर ठेवलं, दोन्ही हातांनी ते भांडं धरलं आणि विचारलं, "नीलिमादि, आपनि होले कोथाय जेतेन?"

म्हणजे, तुम्ही असता तर कुठे गेला असता? या धंद्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचं उत्तर द्यायचं असतं, 'शीटमध्ये आहे बघ.' मी हजारदा दिलं असेल.

त्या दिवशी मी म्हणाले, "मी? मी नाशिकला."

का म्हणाले, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला, शाळा इथली, नवरा इथल्याच मराठी कुटुंबातला. पण सत्तावीस वर्षं ऑफिसात मी 'मराठी दीदी' होते. दर पूजेला, दर पिकनिकला, दर जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारायचं की तुमच्याकडे असं काय आहे? बंगाल्यांना आपल्या मिठाईचा, आपल्या माशांचा, आपल्या शेवटच्या डबक्याचासुद्धा अभिमान. तो बघून मलाही चेव यायचा. मी महाराष्ट्राबद्दल बोलायला लागायची, आणि अशा थाटात की जणू कालच तिथून आले.

प्रत्यक्षात नाशिकला मी एकदाच गेले होते, अकरा वर्षांची असताना, आतेभावाच्या मुंजीला. तीन दिवस होतो. चुलत-आते भावंडं माझे मराठी उच्चार ऐकून खो खो हसत आणि मला 'ए बंगालीण' म्हणून हाक मारत. परतीच्या गाडीत मी आईला म्हणाले होते की पुन्हा यायचं नाही. गेलेही नाही. पण कलकत्त्यात माझं नाशिक दरवर्षी थोडं थोडं सुंदर होत गेलं.

तेच नाशिक मी पारोमिताला विकलं. "बंगळूर काय, तुमच्या ऑफिसातले निम्मे लोक तिथे कामाला जाऊन आलेत. त्यात नवीन काय? नाशिक म्हणजे खरी वाईनची जागा. टेकड्या, धरणाचं पाणी, संध्याकाळचं वारं. आणि आमच्या लोकांचं आतिथ्य तू बघच."

"पण बागेत द्राक्षं नसतील असं तुम्ही लिहिलंय."

"द्राक्षं नसली तरी वाईन असेलच ना!" मी म्हणाले. माझं मलाच हे वाक्य फार आवडलं. आम्ही दोघी हसलो.

ती गेली आणि तासाभरात तिचा मेल आला. 'आफ्टर गोइंग थ्रू द शीट, वी हॅव डिसायडेड टू गो विथ नाशिक.' शीट बघून आम्ही नाशिक ठरवलं आहे. मी सांगितलं म्हणून, असं तिने लिहिलं नाही. असं कोणी लिहीतही नाही. मेलमध्ये आपण ठरवलं असं लिहिलं की साहेबांना बरं वाटतं.

पुढचं काम मी मन लावून केलं, हे मला सांगायलाच हवं. विमानं, बस, खोल्या, जैनांचं जेवण, एका मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी होती ते, सगळं. द्राक्षबागेतल्या रिसॉर्टच्या मॅनेजरशी, जाधवांशी, रोज फोन व्हायचा. पहिल्या फोनवर मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी नाव विचारलं. "आगाशे? मग मराठीतच बोला की मॅडम!" आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी मोहरून गेले. कलकत्त्यात कामाच्या फोनवर मराठी बोलायची वेळ सत्तावीस वर्षांत चार-पाचदाच आली असेल. मी शब्द निवडून निवडून बोलायची. बंगाली हेल येऊ नये म्हणून फोनआधी पाणी प्यायची. हसू नका, खरंच प्यायची.

एप्रिलच्या मध्याला शेवटचं कन्फर्मेशन करताना जाधव म्हणाले, "बाकी सगळं ओके मॅडम. फक्त एक मे आहे, त्या दिवसाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको."

दुसऱ्या कोणत्याही मॅनेजरने असं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे विचारलं असतं, 'काय सांगायला नको? सांगा.' न विचारता पुढे गेलेल्या गोष्टीच ट्रिप बुडवतात, हे माझं घोकून पाठ झालेलं होतं. पण ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला सांगायला नको! म्हणजे मी तिथलीच.

"नको नको," मी म्हणाले. "आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातसुद्धा मोठा कार्यक्रम असतो त्या दिवशी. मीच सूत्रसंचालन करते."

"अरे वा! मग तर प्रश्नच नाही," जाधव म्हणाले.

प्रश्न होता, पण तो दोघांपैकी कोणीच विचारला नाही. त्यांच्या मेलच्या शेवटच्या पानावर अटी होत्या, त्यात एक ओळ होती की मद्य सरकारी नियमांनुसारच दिलं जाईल. ही ओळ प्रत्येक हॉटेलच्या मेलमध्ये असते. जिन्याच्या पायरीवर 'सावकाश उतरा' लिहिलेलं असतं, तितकंच तिच्याकडे लक्ष जातं.

एक मे उजाडला. ग्रुप पहाटेच्या विमानाने निघाला. नऊला पारोमिताचा मेसेज: 'लँडेड.' साडेअकराला बसमधला फोटो, सगळे झोपलेले. अडीचला रिसॉर्टचं फाटक. मी निर्धास्त झाले. आमच्या ऑफिसचा आणखी एक नियम असा की ग्रुप रस्त्यावर असेपर्यंत फोन बंद करायचा नाही. पण ग्रुप आता रस्त्यावर नव्हता, पोचला होता. मी नऊवारी नेसले, नथ घातली आणि मंडळाच्या हॉलवर गेले. तीनला महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम सुरू झाला. मी फोन पर्समध्ये टाकला आणि पर्स विंगेत खुर्चीवर ठेवली. माइक चालू असताना फोन वाजला तर शोभा नको, म्हणून सायलेंट केला.

कार्यक्रम छान झाला. इथे जन्मलेल्या मुलांनी रोमन अक्षरांत लिहून घेतलेली भाषणं वाचून दाखवली. समूहगान झालं. मी मधे मधे निवेदनात सह्याद्री, गोदावरी, दख्खनची माती असं काय काय पेरत होते. मी बोलायला लागले की हॉल शांत होतो, असं आमचे अध्यक्ष आपटेकाका नेहमी म्हणतात.

सहाला खाली येऊन फोन पाहिला. पारोमिताचे एकोणीस मिस्ड कॉल. पहिला तीन वाजून वीस मिनिटांचा.

मी लावला. ती कुजबुजत बोलत होती. "नीलिमादि, हे लोक म्हणतायत आज ड्राय डे आहे. वाईन देणार नाहीत. एक घोटसुद्धा नाही. महाराष्ट्र दिन आहे म्हणतात. साहेब आलेत. समोर बसलेत. मी काय करू?"

हॉलच्या दारावर झेंडूचं तोरण होतं. त्याखाली मी नऊवारी नेसून उभी होते आणि माझ्या छातीवर कागदी फुलाचा बिल्ला होता, त्यावर 'महाराष्ट्र दिन' असं लिहिलेलं.

मी जाधवांना फोन लावला. आवाज चढवला. ते चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. "मॅडम, मी तुम्हाला म्हटलं होतं ना की एक मे आहे. तुम्ही म्हणालात माहीत आहे. मला वाटलं तुम्ही टेस्टिंग शनिवारी ठेवलंय आणि आज फक्त बागेत जेवण."

"काही करता येणार नाही का? खासगीत? एका साहेबांपुरतं?"

"लायसन जाईल मॅडम. आज पूर्ण राज्यात बंद असतं. तुम्हाला तर हे..." आणि ते थांबले. पुढे काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

तीन वीसला मी फोन उचलला असता तर काही झालं असतं का? थोडं झालं असतं. साहेब मुंबईहून गाडीने येत होते, तेव्हा निम्म्या वाटेत होते. त्यांना आधी सांगता आलं असतं, कार्यक्रमाचं नाव बदलता आलं असतं, बाग आणि वाईनरी दाखवायची आखीव फेरी तरी ठेवता आली असती. माणसाला आधी कळलं की राग निम्मा होतो. पण जवळजवळ तीन तास ती मुलगी एकटी तिथे उभी होती. बेत कोसळतोय हे तिला दिसत होतं आणि तिच्या फोनमधलं एकमेव नाव उत्तर देत नव्हतं.

शेवटी जाधवांनी माणुसकीने जे करता येईल ते केलं. वाईनच्या ग्लासांत द्राक्षाचा रस ओतला. एका माणसाने त्यावरही भाषण केलं. भोवती बागेत पानं नसलेली खोडं रांगेने उभी होती. सिंगापूरच्या साहेबांनी रसाचा ग्लास उजेडात धरला, हुंगला आणि म्हणाले, "एक्सलंट. व्हेरी यंग." सगळे हसले. आठ वाजता ते गाडीत बसले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि पारोमिताचे साहेब, अनिर्बाण त्यांचं नाव, चौतीस माणसांसमोर तिला म्हणाले, "यू हॅड वन जॉब."

हे मला तिने सांगितलं नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलीने सांगितलं, परत आल्यावर, फोटो मागायला फोन केला तेव्हा.

त्या रात्री घरी येऊन मी कॉम्प्युटर उघडला आणि महाराष्ट्रातले ड्राय डे शोधले. दोन मिनिटं लागली. दोनच. यादीत एक मे होता. मी चाळीस वर्षं तो दिवस साजरा करत होते. त्या दिवशी तिथे दुकानाचं शटर वर असतं की खाली, हे मला माहीत नव्हतं. मंडळात मी हे सांगितलं तेव्हा आपटेकाका म्हणाले, "अगं, आपल्याला इथे बसून कसं कळणार?" पण शेजारी देशपांडेबाई होत्या. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे वर्षापूर्वी नागपूरहून आलेल्या. त्या सहज म्हणाल्या, "हे तर तिकडे सगळ्यांनाच माहीत असतं हो." वाईट बोलल्या नाहीत. पण मला पुन्हा मुंजीच्या मांडवात उभं असल्यासारखं झालं.

बुधवारी न्यू टाउनला मीटिंग ठरली. देबाशिषदा आणि मी टॅक्सीने निघालो. ते तसे वाईट माणूस नाहीत. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस हॉस्पिटलात बसले होते. टॅक्सी बायपास रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "शीट आणलंस ना?"

"आणलंय."

"त्यात बंगळूर वर आहे?"

"आहे."

"मग झालं. शीट दाखव. बाकी काही बोलू नकोस."

"देबाशिषदा, नाशिक मी सांगितलं होतं तिला. तोंडी."

"मी तुला खोटं बोल असं म्हणत नाहीये, नीलिमा. शीटमध्ये खोटं काय आहे?"

काहीच नव्हतं. हीच तर त्यातली घाण होती.

मीटिंगमध्ये चौघंच. अनिर्बाण, पारोमिता, देबाशिषदा आणि मी. पारोमिताच्या समोर पाण्याचा ग्लास होता आणि ती त्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. अनिर्बाण आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी शीट हातात घेतलं, नीट वाचलं. प्रवास, हवामान, 'बागेत हिरवळ: कमी', मार्क साडेआठ आणि सहा.

"हे चांगलं शीट आहे," ते म्हणाले. "इथे तर स्पष्ट लिहिलंय की बंगळूरला जा. मग नाशिक हे नाव आलं कुठून?"

पारोमिताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. ती वाट बघत होती. मी आता बोलेन याची तिला खात्री होती, कारण मीच ती बाई होते जिने पहिल्या भेटीत तिच्या घरचं विचारलं होतं.

माझी रिटायरमेंट अकरा महिन्यांवर होती. सत्तावीस वर्षांत माझ्या नावावर एक तक्रार नव्हती. आणि 'मी सांगितलं' म्हणाले की पुढचा प्रश्न 'का' असा येणार होता. त्या 'का'चं उत्तर मला कोणासमोर द्यायचं नव्हतं. माझ्या नाशिकबद्दल, मुंजीबद्दल, फोनआधीच्या पाण्याबद्दल. माझी चूक कबूल करायला मी एक वेळ तयार होते. माझं हसं व्हायला तयार नव्हते. आज हे लिहितानाही मला दुसरं कारण सापडत नाही.

"ऑप्शन्स आम्ही दिले होते," मी म्हणाले. "सिलेक्शन क्लायंटचं होतं."

"पारोमिता?" अनिर्बाण म्हणाले.

तिने ग्लासवरचं बोट काढून घेतलं. "हो सर. सिलेक्शन माझं होतं."

तिने माझी लाज राखली की आपलं कोणी ऐकणार नाही असं तिला वाटलं, मला माहीत नाही. तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता आणि माझ्याकडे होता. लिफ्टपर्यंत ती आम्हाला पोचवायला आली. तिच्या कामाचा तो भाग होता. लिफ्टचं दार बंद होताना तिने "आशि, दीदी" म्हटलं, निघते म्हणून, बंगालीत म्हणतात तसं. खरं तर निघत आम्ही होतो.

जूनमध्ये तिचं प्रोबेशन संपलं आणि तिला पर्मनंट केलं नाही. त्या कंपनीने आम्हाला मात्र सोडलं नाही. उलट अनिर्बाणनी देबाशिषदांना फोन करून शीटचं कौतुक केलं. आमच्या ऑफिसात ते शीट नमुना म्हणून सगळ्यांना वाटलं गेलं. अजूनही त्याला 'आगाशे फॉरमॅट' म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच कंपनीची ऑफसाइट मीच बंगळूरला पाठवली. टेस्टिंग उत्तम झालं. माझ्या रिटायरमेंटच्या समारंभात देबाशिषदांनी दोन्ही गोष्टींचा उल्लेख केला. मला शाल दिली. मी घेतली.

ट्रॅव्हलच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी यातून घ्यायचं ते एवढंच. जागा आपण पाहिली नसेल तर तसं सांगा. समोरचा 'तुम्हाला सांगायला नको' म्हणाला तर सांगायला लावा, भले तो तुमच्या भाषेत बोलत असो, तेव्हा तर नक्कीच. आणि गिऱ्हाइकाने विचारलं की तुम्ही असता तर कुठे गेला असता, तर जे तोंडी सांगाल तेच मेलवरही लिहा. लिहायची हिंमत नसेल तर बोलू नका.

पारोमिताला मी फोन केला नाही. दोन-तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. दुसऱ्या वर्षी एक मेला सकाळी तिचाच मेसेज आला. 'शुभ महाराष्ट्र दिन, नीलिमादि.' बाकी काही नाही. मला वाटलं टोमणा मारला. निवेदनात दोनदा चुकले. संध्याकाळी मी तिला लिहिलं, कशी आहेस. तिने लगेच उत्तर दिलं. हावड्याला एका कारखान्याच्या ऑफिसात आहे, पगार कमी आहे पण फेरीबोटीने जाते, नदी ओलांडताना बरं वाटतं, बाबा ठीक आहेत. त्यात कुठे काही लपवलेलं नव्हतं. टोमणे मारणाऱ्यांतली ती नाहीच, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं.

दर वर्षी मेसेज येतो. मंडळात आता कार्यक्रमाला माणसं कमी जमतात, मुलं बाहेरगावी गेली, निम्म्या लोकांना तारखेची आठवण करून द्यावी लागते. ऑफिसातल्या ज्यांना मी सत्तावीस वर्षं महाराष्ट्र ऐकवला त्यांच्यापैकी कोणाला तो दिवस माहीत नाही. कलकत्त्यात आमच्या मंडळाबाहेर महाराष्ट्र दिन लक्षात ठेवणारी ती एकटीच.